बाही चालली जामसावळीला

पोळा फुटला, दुसऱ्या दिवशी जाम नदीत गोटमार झाली, की आमच्या घरात लोकर निघते. हा मुहूर्त पंचांगातला नाही, माझा आहे. गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात बाईमाणसाला घराबाहेर काम नसतं. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. गावात अँब्युलन्सचे भोंगे ऐकू येत राहतात. पोराला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. असल्या दिवशी जिवाला काही सुचत नाही, म्हणून हाताला काम द्यायचं. मी बारा नंबरच्या सुईवर पट्ट्याचे टाके घालायला घेते. पाऊस नुकताच उघडलेला, हवेत चिकट उकाडा, मांडीवर लोकर आणि मानेवर घाम. पहिल्या वर्षी शेजारच्या काकूंनी खिडकीतून हे पाहिलं आणि आतच आल्या. कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काहून वं, हिवताप तं नाही ना आला तुले?"

त्यांचं चुकलं नाही. आमच्याकडची थंडी ती केवढी! आंबिया बहाराची संत्री बाजारात ओतली जातात तेव्हा पहाटे जरा गारठा जाणवतो, संक्रांतीपर्यंत बोचतो, आणि पुढे दुपारी पंख्याकडे नजर जायला लागते. तेवढ्यासाठी भादव्यापासून तयारी कशाला? तर नोकरी, घर आणि दोन मुलं सांभाळणाऱ्या बाईला एक स्वेटर पुरा करायला तेवढे महिने लागतातच. अडचण एवढीच, की या महिन्यांत मूलही थांबत नाही. माप घ्यायचं पोळ्याला आणि घालायचं पौषात. त्यात माझा मुलगा जागेपणी टेपसमोर उभा राहत नाही. म्हणून माप रात्री घ्यायचं, तो जामसावळीच्या मारुतीसारखा आडवा झाल्यावर. झोपलेल्या पोराची छाती मोजता येते, पाठ मोजता येत नाही. पाठ मोजायला गेलं की तो कुशीवर वळतो आणि टेप त्याच्याखाली जातो. सकाळी टेप सापडतो दप्तरात.

माझी शाळा सौसरच्या बाजूला. 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौसर मिळून आमचा वेगळा जिल्हा झाला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ले. जिल्हा छिंदवाड्याला होता तेव्हा मीटिंगला जायचं म्हणजे दिवस जायचा, म्हणून मीटिंगा बेतानं व्हायच्या. आता जिल्हा घराजवळ आला, आणि मीटिंगाही. पूर्वी मीटिंगमध्ये मागच्या रांगेतल्या दोन-चार जणी तरी मांडीवर विणकाम घेऊन बसायच्या. आता मांडीवर मोबाइल असतो, आणि तो बघणाऱ्या बाईला कोणी काही म्हणत नाही. सुया दिसल्या की मात्र साहेबांना वाटतं, हिचं लक्ष नाही. खरं तर उलट आहे. सुई चालू असली की कान मोकळे असतात. ज्यांनी कधी विणलं नाही त्यांना हे पटवता येत नाही, म्हणून मी प्रयत्न सोडून दिला आहे.

विणकामाचा नमुना कागदावर उतरवायची सवय मात्र एकदा अंगाशी आली. मधल्या सुट्टीत आठवला तसा लिहून ठेवला होता, मध्यान्ह भोजनाच्या तक्त्याच्या मागे: 4 सु, 2 उ, 4 सु, 2 उ. तक्ता हेडमास्तरांच्या टेबलावर गेला. त्यांनी तो उलटून पाहिला, चष्मा वर केला आणि मला बोलावलं. "मॅडम, उ म्हणजे उपस्थित, हे समजलं. पण रोज दोनच उपस्थित आणि चार सुट्टीवर? कोणता वर्ग आहे हा?" मी सांगितलं, सर, हा मफलर आहे. त्यांनी तो कागद जपून ठेवला, चौकशी आली तर असावा म्हणून.

सौसरला जाणं-येणं खासगी गाडीनं. मध्य प्रदेशात सरकारी गाड्या बंद होऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे गाडी भरेपर्यंत सुटत नाही आणि भरल्यावरही थांबत जाते. विणणाऱ्या बाईला ही सोयच. सकाळच्या फेरीत खिडकीची जागा मिळाली तर बाहीच्या चार-पाच ओळी सहज होतात. फक्त मंगळवार आणि शनिवार सोडून. त्या दिवशी जामसावळीला मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते. नारळ, हार, शेंदूर, पोरंबाळं, आणि पायाशी कोणाची तरी कोंबून भरलेली पिशवी.

अशाच एका शनिवारी शेजारी एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर रेक्झिनची पिशवी, तिची चेन अर्धी तुटलेली, त्यातून नारळाची शेंडी डोकावत होती. प्रवासभर त्यांनी माझ्या हातांकडे बघत गप्पा मारल्या. कोणासाठी, किती लोकर लागते, मुलगा कितवीत आहे, नवरा काय करतो. फाटा आला तशा त्या लगबगीनं उठल्या, गर्दीतून वाट काढत उतरल्या. मी सुई उचलली तर टाका येईना. बाही सरसर कमी होऊ लागली. लोकरीचा धागा तुटक्या चेनीत अडकला होता आणि मावशी तो घेऊन मारुतीकडे निघाल्या होत्या. सीटवरून, दोघांच्या गुडघ्यांवरून, एका आजोबांच्या टोपीवरून धागा दाराबाहेर गेलेला. कंडक्टरनं गाडीच्या पत्र्यावर थाप मारली. मी ओरडले, "ओ भाऊ, थांबवा, माझी बाही चालली!"

गाडीच्या आवाजात कंडक्टरला एवढंच ऐकू गेलं की बाई चालली. तो म्हणाला, "कोणती बाई? ज्या बाईले उतरायचं ते उतरून घ्या!" मागून एक जण म्हणाला, बाईची तब्येत बिघडली वाटते, पाणी द्या. पुढून कोणीतरी पाण्याची बाटली दिली. मी एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात सुई धरून सांगत होते, बाई नाही हो, बाही! तोवर आजोबांनी टोपीवरचा धागा चिमटीत धरून वर उचलला आणि सगळ्या गाडीला दाखवला. त्यानंतर पाच-दहा माणसं एकदम कामाला लागली. कोणी ताणू नका म्हणत होतं, कोणी तोडा म्हणत होतं, ड्रायव्हर इंजिन बंद करून मागे वळून बघत बसला.

मावशींना खाली उतरल्यावर पिशवी ओढल्यासारखी वाटली, म्हणून त्या थांबल्या होत्या. धागा दिसल्यावर त्यांनी तो तोडला नाही. त्या धाग्याच्या मागोमाग चालत आल्या, येताना लोकर गुंडाळत आल्या. गुंडाळायला हातात जे होतं त्यावर. दारातून त्यांनी तो नारळ माझ्याकडे दिला, निळ्या लोकरीत अर्धा बुडालेला. "घे वं माय. मारुतीचा आहे, पण राहू दे. मी दुसरा घेतो."

नारळ मी शाळेत नेला. स्टाफरूममध्ये फोडला, सगळ्यांनी खाल्ला. उसवलेल्या लोकरीला बाक येतो. ती धुऊन, थोडं वजन टांगून वाळवली की सरळ होते, मग वापरायची, असा नियम आहे. तेवढा वेळ कोणाला? मी ती तशीच विणली. त्या बाहीत कोपराच्या खाली टाके जरा वाकडेतिकडे बसले आहेत. ज्याला माहीत नाही त्याला ती डिझाइन वाटते.

माझ्या सासूबाईंना हे ऐकून आनंद झाला. त्यांचं माहेर सौसर. त्यांच्या वेळी नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी होती. 2015 च्या अखेरीस गेज बदलायला ती बंद झाली आणि आता त्या मार्गावर मोठी गाडी धावते. सासूबाईंचं म्हणणं असं, की खरं विणकाम छोट्या गाडीत व्हायचं. रामाकोना सुटल्यावर भिमालगोंडीचा घाट चढताना गाडी इतकी हळू, की पोरं उतरून चालत सोबत यायची म्हणे. (हे त्या दरवेळी सांगतात, आणि दरवेळी पोरांची संख्या वाढते.) त्यांनी त्या घाटात टाचेसकट मोजे विणले आहेत. टाच वळवणं हे विणकामातलं सर्वांत कठीण काम, टाके अर्ध्यावर सोडून परत उचलायचे असतात. मला घरात, भक्कम खुर्चीत बसूनही ते जमत नाही, कारण घरात मोजू दिलं जात नाही. मी सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर म्हणत असते आणि मुलगी विचारते, आई, बावन्नातून सतरा गेले किती? मी सांगते पस्तीस. आणि पुढे मोजते, छत्तीस, सदतीस.

सौसर तालुक्यातच बोरगावला रेमंडचा मोठा कारखाना आहे. परदेशातल्या मेंढ्यांची लोकर तिथे येते, विंचरून सरळ होते, कातली जाते आणि तिचं सुटाचं कापड होऊन देशभर जातं. एवढी लोकर आमच्या दारातून जाते, आणि मला हातविणीचा धड गुंडा हवा असला तर नागपूर गाठावं लागतं. तिथेही दुकानदार 'लोकर' म्हणून जे देतो त्यात बहुतेक वेळा मेंढीचा काही संबंध नसतो. ते ॲक्रिलिक असतं. मला त्याची तक्रार नाही. खऱ्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून बाहुलीच्या मापाचा होतो. ॲक्रिलिक मशीनमध्ये टाकलं तरी तगून राहतं. त्याचा वैरी वेगळा, गरम इस्त्री. एका रविवारी आमच्या घरच्यांनी मोठ्या प्रेमानं, न सांगता, मुलीच्या नव्या स्वेटरवर इस्त्री फिरवली. पट्ट्याचे उभे दांडे कायमचे निजले, आणि कमरेशी जिथे आवळायला हवं तिथे स्वेटर परकराच्या घेरासारखा सुटला. तिला तो आवडला. गोल फिरलं की उडतो म्हणाली.

घरच्यांचा आणखी एक छंद हिशेबाचा. नागपूरला दर हिवाळ्यात तिबेटी लोकांचा स्वेटर बाजार भरतो. गोंदिया जिल्ह्यात नोर्ग्येलिंगला त्यांची वसाहत आहे, 1972 पासूनची, आणि तिथल्या कितीतरी घरांचं वर्ष या दोन-तीन महिन्यांच्या विक्रीवर चालतं. माल बहुतेक लुधियानाचा. तिथला तयार स्वेटर आणि माझी नुसती लोकर यांचे भाव हे महाशय शेजारी शेजारी मांडतात आणि माझ्याकडे बघतात. मजुरी धरलेली नसते. मी ती धरायला सांगत नाही, कारण मग स्वेटरची किंमत सुटाच्या वर जाईल. त्या बाजारातल्या एका तिबेटी आजीला मी पाहिलं आहे. मागे तयार स्वेटरांची भिंत, पुढे गिऱ्हाईक नाही, आणि ती स्वतः मांडीवर घेऊन टोपरं विणत बसलेली. तिला हा हिशेब कोणीतरी विचारायला हवा होता.

हात विणत असले की आमच्याकडे बाईला रिकामी समजतात. कपड्यांच्या घड्या घालत असले तर कोणी हाक मारत नाही, मेथी निवडत असले तर दोन मिनिटं थांबतात. सुया हातात दिसल्या की, "बसलीच आहेस तर चहा टाक", "बसलीच आहेस तर फॉर्म भरून दे", "बसलीच आहेस तर समग्र आयडी शोध". म्हणून माझं विणकाम सलग कधी होत नाही, आणि ते कुठे कुठे झालं ते विणीतच उमटतं. परीक्षेच्या आठवड्यातल्या ओळी आवळलेल्या. दिवाळीच्या सुट्टीतल्या ऐसपैस. छातीवर एका ठिकाणी पिवळट डाग, संत्र्याचं साल पिळून मुलं एकमेकांच्या डोळ्यांत उडवत होती त्या दुपारचा. यंदाच्या स्वेटरचा गळा मी एका लांबलेल्या मीटिंगमध्ये, टेबलाखाली बंद केला.

तो गळा संक्रांतीला कळला. घरी हळदीकुंकू, पंधरा-वीस बायका, तिळगुळाची ताटं फिरत होती. मुलाला म्हटलं, नवा स्वेटर घालून ये. तो आला, पण डोकं स्वेटराच्या आत आणि दोन्ही हात वर. बाह्यांत हात गेले होते, गळ्यातून डोकं निघत नव्हतं. आतून म्हणाला, "आई, इथं अंधार आहे." सगळ्या बायका ताटं ठेवून धावल्या. एकीनं ओढलं, दुसरीनं ढकललं. कोणी म्हणालं कापा, कोणी म्हणालं तेल लावा. काकूंनी, त्याच ज्यांनी माझा ताप पाहिला होता, हळदीकुंकवाची बोटं पुसली, गळ्याच्या काठाचा शेवटचा टाका शोधला आणि सोडवला. डोकं बाहेर आलं, एका कानाला हळद लागलेली.

मुलगा तिळाचा लाडू घेऊन पळाला. काकू स्वेटर उलटासुलटा करून बघत राहिल्या, बाहीवरच्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

"हे डिझाइन मस्त आहे वं. माह्या नातवाले बी असंच करून दे. तुले तं वेळ असतेच."

मी टेप आणायला उठले. "केवढा आहे नातू?"

"मार्चमधी व्हायचा आहे."

"मग गळा मोठा ठेवते," मी म्हटलं, आणि बाह्या ठेवायच्या की नाही ते त्यांनाच विचारलं, कारण तोवर कूलर लागलेले असतात.