काळोखाची तयारी

आमच्या घरी सहलीच्या सामानाची बैठक बसते तेव्हा पहिलं भांडण सामानावरून होत नाही, डिकीवरून होतं. आमची गाडी सीएनजीवर चालते. म्हणजे डिकीत टाकी, आणि टाकीच्या पुढे उरलेल्या बोळात एक छत्री, जॅक, पाना आणि एखादी चपटी बॅग. पेट्रोलमध्ये वाचवलेले पैसे आम्ही मांडीवर पिशव्या घेऊन बसून फेडतो.

जायचं ठरलं होतं भंडारदऱ्याला, काजवे बघायला. मे सरता सरता वळवाच्या दोन-चार सरी पडल्या की अकोले तालुक्यात रतनवाडी, घाटघर या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात आणि पावसाने एकदा जोर धरला की खेळ संपतो. नवी मुंबईतल्या आमच्या बोनकोड्याहून ठाणे, भिवंडी, कसारा घाट, घोटी करत दीडशेहून जास्त किलोमीटर. प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण आणि त्याच्या पाण्याकाठी तंबू. तंबूवाला गावातलाच होता. फोनवर म्हणाला, "साहेब, तंबू, गाद्या, पांघरुणं, रात्रीचं जेवण, सकाळी पोहे-चहा, सगळं आहे. तुम्ही फक्त या."

हे मी घरात जसंच्या तसं सांगितलं.

"सगळं आहे म्हणतोय ना? म्हणजे काही नसणार," हिने निकाल दिला आणि वहीचं कोरं पान उघडलं.

पांघरुणं आहेत, पण ती कोणी कोणी पांघरलेली असणार. म्हणून चादरी आपल्या. चादर आपली आणि गादी त्यांची हे काही बरं दिसत नाही, म्हणून सतरंजी. सतरंजीखालून ओल येणार, म्हणून ताडपत्री. मे महिन्यात कोपरखैरण्यात दुकानांबाहेर निळ्या ताडपत्र्यांचे गठ्ठे येऊन पडतातच, त्यामुळे तीही सहज मिळाली. तंबूला तळ असतो, छत असतं आणि वरून पावसाचं दुसरं आवरणही असतं, असं मी म्हणून पाहिलं. "असू दे. आपली आपल्याकडे असावी," असं उत्तर आलं. या वाक्यापुढे आमच्या घरात आजवर कोणाचं चाललेलं नाही.

जेवण तो देणार होता, म्हणून आम्ही फक्त 'वाटेतलं' घेणार होतो. दशम्या, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, लिंबं, मीठ, साखर. साखर कशाला? चहा कमी गोड असला तर. मग चहाची पूडही घेतली, कारण नुसती साखर घेऊन जाणाऱ्याला लोक हसतात.

मुलगा आठवीत. यूट्यूबवर एक माणूस एकटाच जंगलात राहतो, काठीवर काठी घासून विस्तव करतो आणि दिसेल ते भाजून खातो, त्याचा हा निस्सीम भक्त. त्याच्या यादीत चाकू, वीस फूट दोरी, होकायंत्र आणि शिट्टी. मी म्हटलं, "होकायंत्र लागेल इतकं लांब तुझी आई तुला तंबूपासून जाऊच देणार नाही." त्याने होकायंत्र खोडलं आणि दोरी तीस फूट केली. मुलगी कॉलेजात. तिची यादी एका शब्दाची, चार्जर. तंबूत प्लग नसतो म्हटल्यावर तिने जो चेहरा केला तो पाहून मी एक पॉवर बँक विकत आणली. ती घरातल्या तव्याएवढी जड निघाली.

औषधांचा डबा मात्र वादातीत. हा एक जुना, बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. झाकणावरची राजवाड्याची नक्षी घासून घासून फक्त दोन घुमट उरलेत. आत ओवा, सुंठ, हिंगाष्टक चूर्ण, बामच्या दोन बाटल्या (एक संपलेली, पण तळाला बोट लागतं म्हणून ठेवलेली), ओआरएसची पाकिटं, पिन हरवलेलं क्रेप बँडेज आणि तापाच्या गोळ्यांची एक पट्टी. पट्टीत दोन गोळ्या शिल्लक. तारीख नेमकी कापून टाकलेल्या बाजूला होती. ती पट्टी टाकूया म्हटलं की घरातल्या कोणाला तरी लगेच कणकण जाणवते.

डासांच्या बाबतीत आम्ही कोणाचा सल्ला घेत नाही. सिडकोने खाडीकाठच्या दलदलीत आणि भातखाचरांत भराव टाकून नवी मुंबई वसवली, तेव्हा भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घ्यायला ठिकठिकाणी धारण तलाव ठेवले. त्या तलावांमुळे शहर पावसात तरतं, आणि बोनकोड्याला डासांचा अनुभव गावकऱ्यांना पिढीजात, आम्हाला भाडेकरूजात. मलम, उदबत्ती, लिक्विडचं यंत्र, टेनिसची म्हणून मुलांनी लहानपणी खेळलेली विजेची रॅकेट, शिवाय फवारायचा डबा. त्या डब्यावर मुलीने बोट ठेवलं. म्हणाली, "बाबा, काजवा पण किडाच असतो." दीडशे किलोमीटर जाऊन, तिकीट काढून, ज्यांना बघायचं त्यांच्यावरच फवारणी करून परतणारं पहिलं कुटुंब म्हणून आमचं नाव झालं असतं. डबा घरी राहिला.

वही भरत आली तशी मला शाळेतला इतिहास आठवायला लागला. १७६१ साली पानिपतावर आपल्याकडे लढणाऱ्यांपेक्षा न लढणारेच जास्त होते, यात्रेकरू, कुटुंबकबिले, बाजारबुणगे. सर हे सांगताना हळहळायचे आणि आम्हीही हळहळायचो. आता वाटतं, भाऊसाहेबांना बोल लावणं सोपं आहे. त्यांच्याही तळावर कोणीतरी "असू दे, आपलं आपल्याकडे असावं" म्हटलंच असणार.

आई इतका वेळ गप्प होती. खरं तर घरात मुक्कामाचा अनुभव असलेली तीच एकटी. साताऱ्याकडची बाई, दिंडीची भिशी भरून आळंदी ते पंढरपूर पायी गेलेली. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते ती आषाढीला पोचते, आणि मधल्या सगळ्या रात्री माळावर, राहुटीत. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, मागून माणसं येतात, जेवतात, आडवी होतात, पहाटे टँकरखाली अंघोळ उरकून पुन्हा चालायला लागतात. परदेशी कॅम्पिंगची पुस्तकं वाचणाऱ्यांनी एकदा एखाद्या दिंडीच्या विणेकऱ्याला भेटावं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"वारीला काय नेत होतीस गं?" मुलीने विचारलं.

"नेसूचं एक, वाळत घालायचं एक. तांब्या. पावसात डोक्यावर घ्यायला प्लास्टिकचा कागद. आणि मशेरीची डबी."

सगळे गप्प झाले. हिने वही थोडी मिटलीसुद्धा. तेवढ्यात आई म्हणाली, "आणि माझी उशी घ्या."

"वारीत कुठे होती उशी?"

"ती माउलींची वाट होती. ही तुमची."

उशी लिहिली गेली. मग कोणाच्याही उशीला नाही म्हणायचा नैतिक अधिकार कोणाकडे उरला नाही, आणि पाच उशांची एक गोणी झाली.

एवढ्यात तंबूवाल्याचा दुसरा फोन. सांगायचं राहिलं, म्हणाला. तिथे टॉर्च मारायचा नाही, मोबाइलचा फ्लॅश नाही, गाडीचे दिवेही पोचलात की बंद. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की थंड उजेड पडतो. नर उडता उडता लुकलुकतो, त्याला मादी खालून उत्तर देते आणि त्यातून पुढच्या वर्षीचे काजवे जन्माला येतात. मध्येच कोणी बॅटरीचा झोत टाकला की दोघांचं बोलणं तुटतं. हे शास्त्र त्याने मला "साहेब, त्यांची लग्नं जुळत असतात, आपण मध्ये पडायचं नाही" एवढ्या शब्दांत सांगितलं.

मी वही पाहिली. आमच्या यादीत दिवा या सदराखाली माझी बॅटरी, हिची पर्समधली बॅटरी, मुलाचा डोक्याला बांधायचा दिवा, मुलीचा मोबाइल आणि लोडशेडिंगच्या काळातला एक इमर्जन्सी लॅम्प होता, आईच्या हट्टाने घेतलेला. आम्ही काळोख बघायला निघालो होतो आणि प्रत्येकाने तो घालवायची स्वतंत्र सोय केली होती. यात नवल नाही. बोनकोड्यात काळोख मिळतो कुठे? एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्त्याचे दिवे, दुसऱ्या अंगाला सोसायट्यांचे रात्रभर जळणारे हॅलोजन. मुलांना ठाऊक असलेला अंधार म्हणजे वीज गेल्यापासून इन्व्हर्टर लागेपर्यंतचा.

वाटाघाटी लांबल्या. मुलाचा दिवा जप्त झाला, इमर्जन्सी लॅम्प माळ्यावर परत गेला. शेवटी एकच बॅटरी न्यायची, तिच्या काचेवर स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधायचा आणि ती फक्त संडासाकडे जाताना, जमिनीकडे तोंड करून पेटवायची, यावर सर्वांच्या सह्या झाल्या. हिने गुपचूप मेणबत्ती घेतली, हे मला माहीत आहे. काडेपेटी कुठे आहे ते मी सांगणार नाही.

निघायच्या सकाळी टपावर कॅरिअर लावला. त्यावर उशांची गोणी, सतरंजी, बादली, तिच्यात मग, आणि सगळ्यावरून ती निळी ताडपत्री मुलाच्या तीस फुटी दोरीने आवळली. ही गाडी गावठाणातल्या गल्लीत उभी राहिल्यावर व्हायचं तेच झालं. आमच्या घरमालकीण काकी खाली आल्या. गाडीकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं.

"अकरा महिने अजून झाले नाय," त्या म्हणाल्या. "आन् महिन्याची नोटीस पण दिली नाय तुमी."

एका रात्रीसाठी चाललोय, उद्या संध्याकाळी परत, हे मी शपथेवर सांगितलं. पटलं नाही. शेवटी घराची किल्ली त्यांच्या हातात ठेवली, कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. मग काळजीने विचारलं, कुठे जाताय? जंगलात? रात्रीचे? आणि बॅटरी?

मी लाल कागदाची बॅटरी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पेटवली, स्वतःच्या तळव्यावर उजेड पाडून पाहिला, कीव आल्यासारखी मान हलवली आणि जिन्याने वर गेल्या. परत आल्या त्या काकांची, पावसाळ्यात रात्री चिंबोऱ्या धरायला नेतात ती भलीमोठी बॅटरी घेऊन. खिडकीतून आत आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "ही न्या. हिचा उजेड खाडीच्या पार जातो."