हरायची मुभा नसलेला सराव

२००२ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेने 'मिलेनियम चॅलेंज' नावाचा प्रचंड युद्धसराव केला. खर्च सुमारे २५ कोटी डॉलर. शत्रूची बाजू सांभाळायला बोलावलं मरीन कोअरचे निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांना. समोर अत्याधुनिक आरमार आणि रेडिओवरचा शब्दन् शब्द टिपणारी यंत्रणा. व्हॅन रायपर यांनी रेडिओ बंदच ठेवला. निरोप मोटरसायकलस्वारांच्या हाती धाडले, विमानांना दिव्यांनी इशारे दिले, आणि क्षेपणास्त्रं नि छोट्या बोटी एकाच वेळी आरमारावर सोडल्या. विमानवाहू नौकेसह १६ जहाजं कागदोपत्री बुडाली.

आयोजकांनी ती वर काढली आणि डाव नव्याने मांडला. शत्रूने आपली विमानविरोधी रडारं कधी चालू ठेवायची, हेसुद्धा मग तेच ठरवू लागले. व्हॅन रायपर यांनी शत्रुपक्षाचं नेतृत्व सोडलं. सराव ठरल्याप्रमाणे पार पडला आणि ठरलेली बाजू जिंकली.

तो सराव एकट्या मरीन कोअरचा नव्हता, सगळ्या दलांचा होता. पण मरीन कोअरमध्ये 'मॅन्युव्हर वॉरफेअर'वरून, म्हणजे शत्रूला झिजवण्याऐवजी वेगाने गोंधळात पाडून हरवण्याच्या युद्धपद्धतीवरून, चार दशकं जे रण माजलं आहे, त्याचं मर्म मला त्या वर काढलेल्या जहाजांमध्ये दिसतं.

व्हिएतनाममध्ये मोजदाद प्रेतांची होती. त्यातून पोळून आलेल्या काही अधिकाऱ्यांना ठोकून ठोकून शत्रूला झिजवण्याचा मार्ग पटेनासा झाला. त्यांना दिशा दिली जॉन बॉइड या हवाई दलाच्या निवृत्त कर्नलने. शत्रूपेक्षा लवकर पाहा, लवकर ठरवा, लवकर करा. तो पहिल्या घावातून सावरण्याआधी दुसरा घाला. मरीन कोअरच्या क्वांटिको इथल्या प्रशिक्षण शाळेत कर्नल मायकल वायली यांनी बॉइडला वर्गात आणलं. विल्यम लिंड या नागरिकाने, ज्याने कधी गणवेश घातला नव्हता, १९८५मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 'मरीन कोअर गॅझेट' या मासिकाच्या पानांवर कॅप्टन कर्नलांशी भांडले, नाव घालून, उघडपणे. १९८९मध्ये कमांडंट, म्हणजे दलाचे प्रमुख, अल ग्रे यांनी 'वॉरफायटिंग' ही जेमतेम शंभर पानांची पुस्तिका दलाचा सिद्धान्त म्हणून जाहीर केली. ती लिहिली होती जॉन श्मिट या कॅप्टनने. सेनापतीने सिद्धान्त लिहायचं काम एका कॅप्टनवर सोपवावं, ही मला त्या पुस्तिकेतल्या कुठल्याही वाक्याइतकीच मोठी गोष्ट वाटते.

पुस्तिका तर आली. बाकी किती बदललं? पुस्तिका म्हणते, हुकूम कमी आणि हेतू स्पष्ट ठेवा, खालच्याला निर्णय घेऊ द्या, चुकला तरी चालेल. बढतीची व्यवस्था मात्र न चुकणाऱ्यालाच वर नेते, आणि न चुकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे काहीच न ठरवणं. वायली कर्नल म्हणूनच निवृत्त झाले. २०१०मध्ये 'गॅझेट'मध्येच एक उपहासात्मक पत्रमाला आली. त्यात एक काल्पनिक जनरल आपल्या कनिष्ठाला शिकवतो, की नव्या सिद्धान्ताचा जप चालू ठेवायचा आणि कारभार जुनाच रेटायचा. लिहिणाऱ्यांनी निनावी राहणं पसंत केलं. एकविसाव्या वर्षी सिद्धान्ताची बाजू मांडायला तोंड लपवावं लागत असेल, तर तो फक्त छापला गेला होता.

सरावांचंही तेच. मोहावी वाळवंटातल्या ट्वेंटीनाइन पाम्सला वर्षानुवर्षं खरा दारूगोळा वापरून मोठे सराव झाले, पण ठरलेल्या वाटांवर आणि लक्ष्यफलकांवर. लक्ष्यफलक पिछाडीला येत नाही. दोन मोठ्या तुकड्या एकमेकींवर सोडून, दोघींना डोकं चालवू देणारा मोठा सराव तिथे २०१९च्या अखेरीस झाला. पुस्तिकेनंतर ३० वर्षांनी!

आणि लगेच मार्च २०२०मध्ये कमांडंट डेव्हिड बर्गर यांची 'फोर्स डिझाइन २०३०' ही दलाच्या पुनर्रचनेची योजना आली. सगळे रणगाडे बाद. तोफांच्या २१ बॅटऱ्यांवरून ५. त्याऐवजी चीनच्या आरमारासमोर बेटांवर दडून राहणाऱ्या, जहाजांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या छोट्या तुकड्या. निवृत्त जनरल खवळले. त्यात माजी कमांडंट चार्ल्स क्रुलॅक होते आणि व्हॅन रायपरही. त्यांचं म्हणणं असं, की बेटावर दबा धरून बसणं हा बचाव झाला, त्याला मॅन्युव्हर म्हणता येत नाही. बर्गर यांचे पाठीराखे म्हणतात, जगभर पसरलेल्या अचूक क्षेपणास्त्रांपुढे जुनी फौज टिकणारच नाही. शपथ दोघेही त्याच शंभर पानांची घेतात.

माझ्या मते बर्गर यांचं निदान खरं होतं. समुद्रातल्या बेटांसाठी ७० टनी रणगाडे बाळगण्यात अर्थ नव्हता. पण ज्या युद्धखेळांच्या आधारावर एवढी उलथापालथ केली, त्यांचे तपशील गुप्ततेच्या शिक्क्याखाली राहिले, आणि तिथे त्यांची चूक झाली. १९८०च्या दशकातल्या सुधारकांची ताकद ही होती, की कोणीही त्यांना 'गॅझेट'मध्ये खोडून काढू शकत होतं. इथे प्रतिपक्षाने खोडायचं काय? शत्रूची बाजू कोणी खेळली, त्याला किती मोकळीक होती, तो कधी जिंकला का, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. ज्या व्हॅन रायपरनी स्वतः बुडवलेली जहाजं पुन्हा तरंगताना पाहिली, त्यांनी अशा निकालांवर विश्वास ठेवावा ही अपेक्षाच चुकीची.

गुपितं राखावीत, चीनही वाचतो आहे. पण दलातल्या कॅप्टनांपासून ती लपवू नयेत. प्रत्येक मोठ्या सरावात शत्रुपक्ष मोकळा सोडा, तो जिंकला तर तसं लिहा, आणि ज्याने जिंकून दाखवलं त्या अधिकाऱ्याला पुढची बढती द्या.