संकष्टीला शून्य गुण

आत्याला विसर पडतो म्हणून तपासायला नेलं. समोर कोवळी मिशी, कडक पांढरा कोट आणि हातात फॉर्म.

"आजी, आज तारीख काय?"

"संकष्टी. सकाळपासून साबुदाण्यावर आहे."

शून्य.

"महिना कोणता?"

"ज्येष्ठ. अधिक संपला."

पुन्हा शून्य.

पोराला तरी काय बोलणार? ही 30 गुणांची चाचणी 1975 साली अमेरिकेत जन्मली. मूळ इंग्रजी चाचणीत 'वर्ल्ड'चं स्पेलिंग उलटं सांगायचं असतं. आत्याने शाळा पाहिली ती बाहेरून. निरक्षर म्हाताऱ्यांसाठी नव्वदीच्या दशकात हरियाणात बल्लभगडला या चाचणीची हिंदी आवृत्ती बेतली गेली. पण बल्लभगड ते गोदाकाठ, अंतर आहे हो!

महाराष्ट्रभरच्या भावी डॉक्टरांची परीक्षा घेणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आमच्याच नाशकात. स्मृतिभ्रंश म्हणजे काय, हे पोरं पाठ करतात. पूर्ण बरं करणारी गोळी नाही, हेही लिहितात. मग गोळीविना जे उरतं ते कोण शिकवणार? देशात साठीपुढचे अंदाजे 88 लाख लोक या दुखण्यात आहेत, असं 2023 चं संशोधन सांगतं. आपण मात्र अजून 'साठी बुद्धी नाठी' म्हणून मोकळे.

एमबीबीएसच्या पोरांना हल्ली गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात. बीपी बघा, हिमोग्लोबिन बघा. एखादी सूनही घ्या की दत्तक! आमची वहिनीच घ्या. आत्या रात्री दोनला बोचकं बांधून दाराशी उभी राहते, "मला माझ्या घरी सोडा." घर तिचंच, पंचवटीतलं, पन्नास वर्षांचं. आधी वहिनी समजवायची, भांडायची, रडायची. आता निमूट चपला घालते. "चला, सोडते." बोचकं स्वतःच्या काखेत. दोघी काळाराम मंदिरापर्यंत जाऊन मागे फिरतात. त्याच दारात आल्यावर आत्या म्हणते, "आलं बाई घर!" आणि गाढ झोपते.

हे वहिनीने त्या पोराला सांगितलं. पोराने मन लावून ऐकलं, हे मान्य करायला हवं. मग फॉर्म उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं,

"काकू, हे कोणत्या रकान्यात लिहू?"