पाहिजे: एक रडणारा कर्णधार

फुटबॉलपटूला प्रसिद्ध व्हायचे असेल तर त्याने गोल करावेत, असा एक भाबडा समज आहे. जपानच्या युया ओसाकोने गोल केले, पोत्याने केले. इंटरनेटवर त्याचे नाव केले ते मात्र त्याच्याकडून हरलेल्या एका पोराने, आणि तेही ढसाढसा रडून.

जानेवारी २००९. अखिल जपान हायस्कूल स्पर्धा. कागोशिमा जोसेई शाळेच्या ओसाकोने एकाच स्पर्धेत १० गोल ठोकून विक्रम केला. वाटेत कोबेच्या ताकिगावा दाइनी शाळेचा ६-२ असा फडशा पाडला. आता तिकडच्या टीव्हीवाल्यांची रीत अशी, की कॅमेरा न्यायचा तो हरलेल्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये. तिथे कर्णधार हुंदके देत सांगत होता, ‘ओसाको हानपा नाईत्ते’! म्हणजे हा ओसाको काही साधासुधा नव्हे. मागून आलेला चेंडू असा काबूत घेतो, की दुसऱ्या कुणाची टाप नाही. प्रशिक्षकांनी सांत्वन काय करावे? आपण त्याच्याशी हात मिळवून आलो, ही बातमी त्यांनी अभिमानाने दिली!

अंतिम सामन्यात जोसेई हरली. करंडक हिरोशिमा मिनामी शाळेने नेला. पण नुसता करंडक जिंकणाऱ्यांना इंटरनेट विचारते कशाला?

तो हुंदका पुढे नऊ वर्षे नेटवर हिंडत राहिला. ओसाको जर्मनीत खेळायला गेला. तिथे गोल आटले, की तीच स्तुती टोमणा म्हणून त्याच्या अंगावर यायची. स्तुतीचा हा एक फायदा असतो. उलटी करूनही वापरता येते.

मग १९ जून २०१८. रशियातले सारान्स्क. ७३व्या मिनिटाला सहकारी होंडाच्या कॉर्नरवर ओसाकोने हेडर मारला आणि जपानने कोलंबियाला २-१ ने हरवले. विश्वचषकात दक्षिण अमेरिकी संघाला आशियाई संघाने नमवण्याची ही पहिलीच वेळ. इतिहास घडवला ओसाकोने. प्रेक्षकांत झेंड्यावर झळकला तो रडणाऱ्या कर्णधाराचा चेहरा. ते वाक्य टी-शर्टांवर चढले. वर्षअखेरीस जपानच्या ‘नव्या शब्दां’च्या मानाच्या यादीत पहिल्या दहांत बसले. नऊ वर्षांचे घोडे नवे शिंगरू म्हणून खपवणे इंटरनेटलाच जमते.

२०२२च्या विश्वचषकासाठी ओसाकोला संघात घेतलेच नाही. पुढच्याच वर्षी त्याने २२ गोल करून विस्सेल कोबे या क्लबला पहिले जे-लीग विजेतेपद मिळवून दिले आणि तो मोसमाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. हो, तेच कोबे. एकेकाळी तिथल्या पोरांना रडवणारा माणूस आता तिथल्याच स्टेडियमला नाचवतो.

तेव्हा होतकरू स्ट्रायकरांनो, नेमबाजीचा सराव जरूर करा. पण सामन्याआधी समोरच्या कर्णधाराकडे नीट पाहून घ्या. गडी मनाचा हळवा आणि जिभेचा तिखट असेल, तर बिनधास्त सहा गोल मारा. अबोल निघाला, तर एकावर भागवा; उगाच पाय कशाला दमवायचे?