गाडीला ते आधीपासूनच होतं

दिघ्यात इमारत कुठलीही घ्या, तिच्यात एक गाडीवाला असतो आणि एक भाऊ असतात. गाडीवाल्याच्या नावावर आरसी बुक, इन्शुरन्स आणि बँकेचा हप्ता. भाऊंकडे साताऱ्याच्या आरटीओचं लायसन्स. दर रविवारी गाडीला फडकं मारतो तो गाडीवाला. ती चालवतात भाऊ.

भाऊ गाडी कधी मागत नाहीत. शनिवारी संध्याकाळी उंबऱ्याबाहेर चपला न काढता उभे राहतात आणि काळजीच्या सुरात विचारतात, “काय रे, गाडी आठवडाभर उभीच दिसते?” मग बॅटरी बसण्यावर एक छोटं व्याख्यान होतं. १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं, गाडीवाला ट्रान्स-हार्बर लोकलने कामाला जाऊ लागला, आणि तेव्हापासून ही गाडी, भाऊंच्या मते, जागेवर सडते आहे. कुणीतरी अधूनमधून फिरवायला हवी. शिवाय ऑक्टोबर २०२४पासून ऐरोलीच्या नाक्यावर छोट्या गाड्यांना टोल माफ झालाय. ही बातमी भाऊ अशी सांगतात की जीआरवर सही त्यांचीच असावी. आदल्या दिवशी वहिनींकडून वाटीभर सुकटीची चटणी येऊन गेलेली असते. वाटी अजून परत करायची असते. अशा वेळी नाही कसं म्हणणार?

“कुठे जाताय भाऊ?”

“इथेच रे, कल्याणला. हळद आहे.”

रात्री गाडीवाल्याचा मोबाइल वाजतो. फास्टॅगचा मेसेज : खालापूर. थोड्या वेळाने खेड-शिवापूर. मग आनेवाडी. कल्याण त्या रात्री बरंच दक्षिणेला सरकलेलं असतं. पूर्वी माणूस खोटं बोलला तर बोलला, विषय संपला. आता गाडीच चुगली करते. भाऊंवर त्याचा काही परिणाम होत नाही. “नवरीकडची मंडळी साताऱ्याची निघाली,” ते शांतपणे सांगतात. पुढच्या आठवड्यात वेगमर्यादा मोडल्याचं ई-चलान येतं तेही गाडीवाल्याच्याच नावावर, कारण कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, भाऊ दिसत नाहीत.

गाडी परत आल्याचं शास्त्रही आता इमारतीला पाठ आहे. चावी द्यायला भाऊ स्वतः आले तर गाडी धडधाकट. चावी धाकट्या पोराच्या हाती आली आणि पोरगं ती देऊन जिन्यावरून पळालं, तर चप्पल घालून खाली जायचं. गाडी नेमकी भिंतीला चिकटवून लावलेली असते. डावी बाजू भिंतीकडे. गाडीवाला मोबाइलचा टॉर्च लावून त्या वीतभर फटीत डोकं घालतो, तर बंपरचा कोपरा आत गेलेला, मडगार्डला हातभर चरा, आणि चऱ्यात कुणाचा तरी पिवळा रंग.

इथून पुढचे भाऊ पाहण्यासारखे. पंचनामा तेच सुरू करतात. चऱ्यावरून बोट फिरवून बोट दिव्याखाली धरतात. “बघ, धूळ बसलीय. काल पडलेल्या चऱ्यात एवढी धूळ बसते होय? हे आधीपासूनच आहे.” समोरच्या ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एमआयडीसीचे ट्रेलर दिवसरात्र धावतात आणि दिघ्यात सकाळी पुसलेल्या टीव्हीवर दुपारी धूळ असते, हा मुद्दा इथे कुणी काढत नाही. मग संशयितांची रांग लागते : पाण्याचा टँकर, शाळेची व्हॅन, रात्री चेंडू खेळणारी पोरं. शेवटी आवाज खाली आणून, “आमच्या वहिनींनी ड्रायव्हिंग क्लास लावला होता ना रे मध्ये?” या प्रश्नानंतर गाडीवाल्याच्या घरात जे होतं त्याचा गाडीशी संबंध उरत नाही.

एकदा गाडीवाल्याने हुशारी केली. चावी देण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढला. भाऊ कौतुकाने सोबत फिरले, कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. नंतर व्हिडिओ लावून पाहिला तर डाव्या बंपरच्या कोपऱ्यासमोर भाऊ उभे. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

कायद्यातही भाऊ कच्चे नाहीत. भाचा बेलापूरच्या कोर्टात कारकून आहे. १८७२चा करार कायदा, कलम १५० : वस्तू वापरायला देणाऱ्याने तिच्यातले माहीत असलेले दोष आधी सांगितले पाहिजेत. “तू मला सांगितलंस का, क्लच कडक आहे म्हणून?” त्याला लागूनच १५१वं कलम आहे, की घेणाऱ्याने ती वस्तू शहाण्या माणसाने स्वतःची वस्तू सांभाळावी तशी सांभाळावी. तिथवर पोचण्याआधी भाच्याची सुट्टी संपली असावी.

“आणि इन्शुरन्स कशाला काढलाय मग?” हे त्यांचं हुकमी पान. गाडीवाला समजावू बघतो : पाच वर्षं क्लेम न करता पन्नास टक्के बोनस साठवलाय, एका क्लेमपायी तो शून्यावर येईल, पहिले हजार रुपये आपल्याच खिशातून जातात, झिरो डेप घेतलेलं नाही, म्हणून प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतील. भाऊ डोळे मिटून ऐकतात. “म्हणजे तुला कंपनीने फसवलं,” ते हळहळतात. तासाभरात चर्चा इन्शुरन्स कंपन्या सामान्य माणसाला कशा लुटतात यावर येते. गाडीवाला स्वतःही त्यात तावातावाने बोलत असतो.

मग हा माणूस चावी देतोच कशाला? असं विचारणाऱ्याने दिघ्यात राहून पाहावं. गाडीवाल्याच्या वडिलांच्या छातीत रात्री दोनला कळ आली, तेव्हा ह्याच्या हातून चावी स्टार्टरला लागेना. भाऊ बनियनवर खाली आले, ह्याला मागच्या सीटवर ढकललं आणि विटाव्याच्या पुलाखाली तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढून कळव्याच्या हॉस्पिटलात नेली. वडील आज खाली कट्ट्यावर पेपर वाचतात. इंजिनाने पाणी प्यायलं होतं, आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही. ते बिल गाडीवाल्याने कुणालाही न दाखवता भरलं. माझ्या मते भाऊंचा सगळा व्यवहार त्या एका रात्रीच्या ठेवीवर चालतो, आणि व्याज किती काढायचं याचा त्यांना पक्का अंदाज आहे.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत असाच तंटा झाला. कुणाची तरी गाडी कुणीतरी नेली, दरवाजाला पोचा आणला. जाणकार पंच म्हणून बोलावलं ते भाऊंना. भाऊंनी पोच्यावर हात ठेवला, गाडी नेणाऱ्याकडे पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला : “डेंटिंग-पेंटिंगचे पूर्ण पैसे, आजच्या आज. दुसऱ्याची वस्तू आहे, लाज वाटायला पाहिजे.” आमचा गाडीवाला मागेच उभा होता. त्यानेच भाऊंना तिथवर सोडलं होतं. परत येताना त्याने भीतभीत विषय काढला, “भाऊ, मग आपला तो बंपर...”

भाऊंनी सीट आणखी मागे सरकवली.

“अरे, ते लोक शेजारी आहेत. आपण घरचे.”