‘सगळ्याला चालतं’ म्हणणाऱ्या हार्डवेअरवाल्या शेठना



पत्रास कारण की, आपण दिलेली सिलिकॉनची ट्यूब अव्वल निघाली. प्लायवूडच्या घरगुती टाकीच्या सांध्यांवर आज बुरशीचा ठिपकाही नाही. गप्पीही नाहीत, पण ते गौण.

“माशांच्या टाकीला चालेल असं द्या,” म्हटल्यावर आपण मोबाईलमधून मान वर न करता सांगितलंत, “बाथरूमला चालतं, किचनला चालतं, माशाला न चालायला काय झालं?” बिनतोड! आता एवढंच, की बाथरूमच्या सॅनिटरी सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक घातलेलं असतं आणि ते पाण्यात उतरतं. बुरशीचा जीव घेणारं औषध मासा समोर आला म्हणून मर्यादा पाळत नाही. “आंबट वास आला की माल अस्सल,” हेही आपलंच. शेठ, तो वास ॲसिटिक ॲसिडचा. टाकीला चालणाऱ्या साध्या, शंभर टक्के सिलिकॉनलाही तो येतो आणि बाथरूमच्या ट्यूबलाही. नाकाने माल ओळखायचा तर ट्यूबच्या पाठीवर मजकूर छापतात कशाला?

बरं, “हेच आतून सगळीकडे फासा, लाकडाला दुसरं काही लागत नाही,” हा सल्ला तर आपण फुकट दिलात. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं, म्हणजे अडीचशे किलो. त्या दाबाने फळ्यांना बाक येतो, ओल शिरली की प्लाय फुगतो. म्हणून आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यायचा, कोपऱ्यांत फायबरग्लासचं कापड बसवायचं, वर इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यायचे, तोही पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा. सिलिकॉन सगळ्यात शेवटी, मुख्यतः काच बसवायला. आधी सिलिकॉन फासलं तर त्यावर इपॉक्सी धरत नाही. सगळं खरवडून काढावं लागतं. हे खरवडणं काय असतं, ते कधी सवडीने या, दाखवतो.

शेवटी आपण म्हणालात, “नाहीतर डांबर मारा, होडीला मारतात की.” मारतात. पण होडीत मासे मेल्यावर येतात, शेठ. हल्ली तर कोकणात लाकडी होड्यांवरही फायबरचा थर चढवतात.

उरलेली ट्यूब सोबत परत पाठवतो आहे. पैसे नकोत. फक्त पुढचं गिऱ्हाईक ‘मासे’ म्हणालं की मोबाईल बाजूला ठेवा आणि ट्यूब उलटी करून वाचा. ‘अँटी-फंगल’ किंवा ‘सॅनिटरी’ दिसलं, तर ती बाथरूमच्या फळीवरच राहू द्या. आणि सिलिकॉन पुरतं वाळेपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, टाकीत पाणी भरू नका, हेही सांगा. ट्यूब विकण्याच्या आधी.

आपला,
एक गिऱ्हाईक