तो डोळा नको

माझी भाची न्यू जर्सीत दहावीत आहे. परवा तिने इंग्रजीच्या वर्गातली एक यादी पाठवली. जॉर्ज ऑरवेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही हुकूमशाही राजवटीवरची कादंबरी वाचून झाली, आता शेवटचा प्रकल्प, यादीतला कुठलाही एक निवडायचा. ‘मावशी, तू सांग ना कुठला घेऊ.’

यादी वाचली. त्यातल्या हुकूमशहाचं, बिग ब्रदरचं पोस्टर. ओशनिया देशाचं पर्यटन पत्रक. सिनेमाचा ट्रेलर. नायक विन्स्टनचं इन्स्टाग्राम पान. त्याच्या प्रेयसीच्या, ज्युलियाच्या आवडीची दहा गाणी. बुटांच्या खोक्यात उभी केलेली छळाची खोली क्रमांक १०१, पुठ्ठ्याच्या उंदरांसकट.

मी कळवलं : यातलं एकही घेऊ नकोस.

रागाने कळवलं. क्षयाने पोखरलेली छाती घेऊन ऑरवेल स्कॉटलंडच्या जुरा बेटावर ही कादंबरी लिहीत होते. १९४८ संपत आलं तेव्हा टंकायला कुणी मिळेना, म्हणून अंथरुणात बसून त्यांनी अख्खी पक्की प्रत स्वतः टंकली. जून १९४९ मध्ये पुस्तक आलं, जानेवारी १९५० मध्ये ते गेले. वय ४६. एवढ्या मोलाने लिहिलेल्या पुस्तकातून मुलाच्या हाती काय उरावं? डिंक लागलेली बोटं?

पोस्टरचं तर ठरलेलंच असतं. लाल, काळा आणि मधोमध एक मोठा डोळा. पुण्या-मुंबईच्या शाळांतल्या प्रदर्शनांतही मी तोच डोळा पाहिला आहे. तो रंगवून मूल मोकळं होतं. पाळत म्हणजे भिंतीवरचं चित्र, लांबच्या कुठल्या तरी देशातलं, असं त्याच्या मनात बसतं. आणि हे सगळं होत असताना समोर उघडा असतो शाळेने दिलेला लॅपटॉप. अमेरिकेतल्या कितीतरी शाळांनी अशा लॅपटॉपवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर बसवली आहेत. मूल काय शोधतं, काय टंकतं, हे ती बघत असतात. जीव द्यायचा विचार करणारं मूल वेळेवर सापडावं, असा हेतू सांगतात. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण कादंबरीतल्या पाळत ठेवणाऱ्या टेलिस्क्रीनवरचा निबंध त्याच यंत्रावर लिहून घ्यायचा आणि त्या यंत्राबद्दल वर्गात चकार शब्द काढायचा नाही, याला शिकवणं म्हणत नाहीत.

‘द हंगर गेम्स’ शिकवणारे काही वर्ग याहून वाईट करतात. सुझन कॉलिन्स यांना ती कादंबरी टीव्हीचे चॅनल बदलता बदलता सुचली. एकीकडे रिअॅलिटी शो, दुसरीकडे खऱ्या युद्धाची दृश्यं, आणि बघता बघता दोन्ही एकमेकांत मिसळू लागलेली. त्या पुस्तकाचा प्रकल्प म्हणून मुलांची जिल्ह्यांत वाटणी करायची, चिठ्ठ्या काढायच्या, मैदानावर स्पर्धा लावायची आणि उत्तम पोशाखाला बक्षीस द्यायचं! पुस्तकात हे सत्ताधारी कॅपिटॉल शहराचे लोक करतात. मरायला निघालेल्या पोरांचे पोशाख बघून टाळ्या वाजवणारे ते. आपण आपल्या मुलांना नेऊन त्यांच्याच रांगेत बसवतो.

मग करायचं काय? विचारलंच आहे तर सांगते. माझी अट एकच आहे : त्या प्रकल्पात मुलाचं स्वतःचं काहीतरी पणाला लागलं पाहिजे.

वही घ्या. ‘नाइन्टीन एटी-फोर’मधल्या विन्स्टन स्मिथचं बंड बंदुकीने सुरू होत नाही, जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या सायीच्या रंगाच्या, गुळगुळीत कागदाच्या वहीने होतं. तो ४ एप्रिल १९८४ अशी तारीख घालतो, आणि ती तरी खरी का, याची त्याला खात्री नसते. मुलांना अशी एकेक वही द्या. सात दिवस, हाताने, रोज एक पान. शिक्षकांनी ती वाचायची नाही. कधीच नाही. पानं भरलीत एवढं लांबून बघायचं, गुण द्यायचे, वही परत. एका शिक्षिकेला मी हे सुचवलं तेव्हा त्या म्हणाल्या, न वाचता गुण कसे देणार, मुलं नुसत्या रेघोट्या ओढतील. ओढू देत की! वर्गातल्या एका तरी मुलाने कुणीही तपासणार नाही असं काही आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, तर बाकीच्यांना गेलेले गुण मी वाया गेले म्हणणार नाही. आपल्याकडे शाळेच्या डायरीवरसुद्धा पालकांची सही लागते. मुलाला एकटं असं कुठे सोडलं आहे आपण?

भाचीसाठी मात्र मी वही निवडली नाही, शब्द निवडले.

कादंबरीत साईम नावाचा एक हुशार माणूस आहे. तो न्यूस्पीक या राजवटीने घडवलेल्या भाषेच्या शब्दकोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करतो आणि त्याचं काम आहे शब्द मारणं. रोज शेकड्यांनी. त्यात त्याला आनंद होतो. आणि वर्गात न्यूस्पीकचा धडा आला की मुलांना काय सांगतात? नवे शब्द तयार करा! मुलं दोन शब्द जोडून तिसरा करतात, हसतात, तक्ता टांगतात. हे सरळ उलटं आहे. मुलांना शब्द काढायला लावा. स्वतःच्या घरातले, रोजच्या वापरातले.

रागावून किंवा दुखावून गप्प होण्याला मराठीत किती शब्द आहेत बघा. रुसण्यात कुणीतरी येऊन समजूत काढील ही आशा असते. फुरंगटणं लहान मुलाचं, त्यात गाल येतात. हिरमुसण्यात राग नाहीच, कुणी तोंडावर ‘नाही’ म्हटल्यावर उतरलेला चेहरा तेवढा आहे. खट्टू होणं त्याहून हलकं, संध्याकाळपर्यंत जाणारं. धुसफुसण्याला आवाज असतो, स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. आणि अबोला एकट्याला धरता येत नाही, त्याला समोर दुसरं माणूस लागतं. आता सोमवारी ‘खट्टू’ काढून टाका. मंगळवारी ‘हिरमुसणं’. बुधवारी ‘फुरंगटणं’. शनिवारपर्यंत हातात उरेल ‘अपसेट’. रविवारी आजीला फोन करायचा आणि त्या एका शब्दात आपल्याला काय झालंय ते सांगायचं. आजी विचारेल, ‘म्हणजे गं नेमकं काय झालं?’ आणि सांगता येणार नाही. न्यूस्पीक म्हणजे काय, ते त्या क्षणी कळतं. तक्त्यावरून नाही कळत.

भाचीला हे सांगताना माझा आवाज जरा बसला. तिचे हे शब्द कुठल्या हुकूमशहाने काढून घेतलेले नाहीत. आईबाबा दोघं नोकरीला, शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी. वर्षाला थोडे थोडे गळत गेले. आमच्या सोसायटीतल्या मुलांचंही फार वेगळं नाही, आणि ती तर महाराष्ट्रात राहतात.

कादंबरीच्या शेवटी न्यूस्पीकवर एक परिशिष्ट आहे. बरेच वर्ग ते ऑप्शनला टाकतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पुस्तक मंडळानेही ते आणि मधला एक लांबलचक भाग गाळायला सांगितलं होतं. मोठी रक्कम जाण्याची भीती असूनही ऑरवेल यांनी साफ नकार दिला, आणि शेवटी मंडळाने पुस्तक होतं तसंच घेतलं. हे परिशिष्ट भूतकाळात लिहिलेलं आहे. न्यूस्पीक ही भाषा ‘होती’, असं त्यात म्हटलंय. म्हणजे ती राजवट गेली, मागे कुणीतरी उरलं आणि साध्या, शाबूत भाषेत तिच्याबद्दल लिहितंय? अभ्यासक यावर वाद घालतात. मी तर या एका क्रियापदावर वर्गाचा अख्खा आठवडा घालवीन.

शाळांना खरोखर झेपेल आणि तरीही शाळा करणार नाहीत, अशी एक गोष्ट सांगते. रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ पुस्तकं जाळणाऱ्या राज्याची गोष्ट आहे, १९५३ सालची. १९६७ पासून तिची शाळांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. तीत प्रकाशकाने लेखकाला न विचारता सुमारे ७५ ठिकाणी बदल केले. शिव्या गेल्या, ‘गर्भपात’ हा शब्द गेला, दारू प्यालेला माणूस आजारी झाला. पुढे काही वर्षं तर बाजारात ही छाटलेली आवृत्तीच मिळत होती. ब्रॅडबरी यांना हे कुणी कळवलं? विद्यार्थ्यांनी, पत्रं लिहून. या कादंबरीवरचा याहून चांगला प्रकल्प मला माहीत नाही, आणि तो कुणी नेमून दिलेला नव्हता.

तेव्हा दोन आवृत्त्या शेजारी ठेवा. कुठलंही पुस्तक चालेल, पाठ्यपुस्तक तर फारच उत्तम. आजोबांचं इतिहासाचं पुस्तक माळ्यावर असेल, काकांचं कपाटात. त्यांच्या शेजारी आपलं. एकच प्रकरण घ्या. काय आलं, काय गेलं, कुणाला आधी दोन पानं होती आणि आता दोन ओळी उरल्या, एवढंच लिहून काढा. लगेच निकाल देऊ नका. काही बदल नवं संशोधन आल्यामुळेही होतात, हेही मुलांना याच कामातून कळतं. आणि पुस्तक कागदाचं घ्या. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून ‘नाइन्टीन एटी-फोर’ आणि ‘अॅनिमल फार्म’च्या प्रती परस्पर काढून घेतल्या. ती आवृत्ती विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत केले, नंतर कंपनीने माफीही मागितली. पण मिशिगनचा एक शाळकरी मुलगा सुट्टीतल्या अभ्यासासाठी त्यावर टिपणं काढत होता. ती ज्या ओळींना चिकटलेली होती त्या ओळीच नाहीशा झाल्या. त्याने कंपनीला कोर्टात खेचलं.

आणि माणसांना विचारा. ऑरवेल यांचा जन्म २५ जून १९०३ चा, बिहारमधल्या मोतिहारीचा. १९७५ साली त्याच तारखेच्या रात्री आपल्या देशात आणीबाणी जाहीर झाली. ती २१ महिने टिकली. त्या डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष असताना आणीबाणीविरुद्ध बोलल्या, पुढे तुरुंगात गेल्या. पण मी मोठ्यांबद्दल विचारा म्हणत नाही. आजोबांना विचारा : तुम्ही त्या काळात काय बोलायचं टाळलंत? कुणासमोर? माझ्या वडिलांना मी हे पन्नाशी ओलांडल्यावर विचारलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग एका सहकाऱ्याचं नाव घेतलं आणि म्हणाले, ‘त्याच्या बायकोला भेटायला मी गेलो नाही.’ पुढे काही बोलले नाहीत. न्यू जर्सीच्या वर्गात हे कुणाला माहीत असणार? नातीने विचारलं तर असेल.

भाचीने यादी बाजूला ठेवून शब्दच घेतले. तिच्या शिक्षिकेने परवानगी दिली, याबद्दल मी त्या बाईंची मनापासून आभारी आहे. गेले तीन रविवार ती साताऱ्याला माझ्या आईला फोन करते आहे. शब्द काढण्याचं काम बाजूलाच राहिलं, कारण काढायला आधी शब्द तर हवेत. म्हणून दोघी गोळा करताहेत. आई रात्री आठवून कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवते. काल व्हिडिओवर ‘फुरंगटणं’ चाललं होतं. आईने अर्थ सांगून पाहिला, भाचीला नीट कळेना. मग चौऱ्याऐंशी वर्षांच्या माझ्या आईने चष्मा काढून ठेवला, दोन्ही गाल फुगवले आणि कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून बसली.

पलीकडून आवाज आला, ‘आजी, थांब, तशीच थांब. मला लिहून घेऊ दे.’